निळ्या कागदातल्या सुया

शुआनतोंग बादशहांचे पहिले वर्ष, दुसरा महिना, नववा दिवस

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. गुरुजींची लाकडी पट्टी मेजावर वाजायची. ते अर्धी ओळ म्हणत, आणि दुसऱ्या ठोक्याच्या आत आम्ही तिला जोड द्यायची. ‘डोंगरावरचा ढग’ म्हटलं की ‘नदीवरचं धुकं’. पन्नासाहून जास्त वर्षं झाली. आज त्या आवाजानेच जाग आली.

माझ्या शेजारी मेई छिंगयुन बसायचा. त्याला जोड कधी सुचत नसे. माझ्या ओठांकडे बघायचा आणि माझ्याआधी मोठ्याने बोलून टाकायचा. शाबासकी त्याची. जो आधी बोलला त्याची ओळ — गुरुजींचा नियम.

बारावा दिवस

मेई दिसला. पालखीत. परदेशी साहेबांच्या पेढीचा दलाल, दोन हनुवट्या. मला बघून पडदा सोडला.

चौदावा दिवस

लिहूनच टाकतो. हे पान कोणाला सांगणार आहे?

आमच्या वडिलांचं हानखौ शहरात सुयांचं दुकान. जोडमासा छाप. वेष्टण लाल, त्यावर दोन मासे. वडील गेले तेव्हा सुतकाचे सत्तावीस महिने लाल रंग वर्ज्य, म्हणून धाकट्या भावाने, बोछिनने, वेष्टणं निळी छापली. घाऊक गिऱ्हाइकांनी कारण विचारलं, हळहळले. सुतक फिटलं, वेष्टण पुन्हा लाल झालं.

मधल्या काळात मेईने एक निळं वेष्टण उचलून साहेबाला दिलं. साहेबाच्या देशातून सुया आल्या — आमचे दोन मासे, आमच्या बापाच्या सुतकाचा निळा! साहेबाला कुठून कळणार. लोक म्हणाले, परदेशी रंग आहे, छान आहे.

मग परदेशी वकिलातींनी आपसात पत्रं लिहिली. तुमच्या व्यापाऱ्याचं चिन्ह आम्ही सांभाळतो, आमच्याचं तुम्ही सांभाळा. ज्याने आधी नोंदवलं त्याचं; साहेबाने आमचे मासे नोंदवून टाकले. आमच्यासारख्यांचं नाव त्या पत्रांत कुठेच नव्हतं. चार वर्षांपूर्वी दरबारी अधिकाऱ्यांना पत्र गेलं: बोछिन यांचा लाल माल नक्कल आहे, जप्त करावा.

ते पत्र मी लिहिलं. साहेबाच्या वकिलातीत चिनी पत्रांचा लेखनिक मीच होतो. अक्षर सुंदर आलं होतं.

पंधरावा दिवस

काल हात थांबला. पुढचं आज.

त्या पत्राची प्रत दुकानाच्या दारावर डकवली. बोछिनने अक्षर ओळखलं. मला काही विचारलं नाही. पुढच्या थंडीत गेला. भावजय नदीपलीकडे हानयांगला माहेरी राहते. तिला वाचता येत नाही. बोछिनने तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी त्या काठावर गेलेलो नाही.

मेईला सोडणार नाही.

तिसरा महिना, दुसरा दिवस

सापडलं! रात्रभर उगाच जागलो, ते माझ्या डोक्यातच होतं. नोंदणीतलं एक वाक्य मीच उतरवलं होतं: निळा रंग हा चिन्हाचाच भाग असून तो बदलता येणार नाही. बदलायचा तर पाच वकिलातींत पाच अर्ज, दीड-दोन वर्षं. ज्या कागदांनी बोछिनला गाडलं, तेच आता साहेबाला त्या निळ्याला बांधून ठेवतील.

पाचवा दिवस

पांग मावशींना चहाला बोलावलं. लग्नं जुळवतात. हानखौत त्यांना ठाऊक नाही असं स्वयंपाकघर नाही. मी सहज म्हणालो, नवरीच्या पेटीत त्या निळ्या पुडीच्या सुया नका हो घालू.

“का बुवा?”

सांगितलं.

त्यांनी भोपळ्याच्या बिया बशीत ठेवल्या. “म्हणजे गेली दहा वर्षं मी लोकांच्या पोरींबरोबर तुमच्या बापाचं सुतक पाठवतेय होय? आणि तुम्ही आत्ता सांगताय?”

“आत्ता आठवलं.”

“काही आठवत नाही तुम्हाला. कोणावर तरी दात आहे.” मग हसल्या. “असू दे. मला बोलायला विषय झाला.”

एकोणिसावा दिवस

बाजारात दोन बायकांचं ऐकलं. “प्रेताच्या सुया आहेत म्हणे त्या. शू-बाईच्या सुनेने शिवलं आणि मूल आडवं आलं.” मूल आडवं आल्याचं मी सांगितलं नव्हतं. ते पांग मावशींचं.

जेवण गोड लागलं. तळलेल्या माशाचा दुसरा तुकडा घेतला.

चौथा महिना, तिसरा दिवस

निळी पुडी कोणी हातात धरत नाही. एकाने दुकानाबाहेर चक्क जाळली. मी उभा राहून पाहिलं. शाळेत घोकलेल्या शरद ऋतूवरच्या कविता ओठांवर आल्या, सगळ्या, एका दमात. चाळीस वर्षांत असं म्हटलं नव्हतं.

आठवा दिवस

चहाच्या दुकानात मेई समोर येऊन बसला. न विचारता.

“बोयान, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून भांडतोस?”

“तू साहेबाच्या तोंडून भांडलास.”

“माझी पालखी बघ बाहेर. आहे ना? मग?” माझ्याच किटलीतून त्याने चहा ओतून घेतला. “पेढीने माल नववर्षाआधीच विकून टाकला. रोख. आता तो फेरीवाल्या बायकांच्या टोपल्यांत आहे. साहेब पुढच्या खेपेला काड्यापेट्या आणणार. दुसरं चिन्ह, दुसरा रंग. तुझा बाण सुटला खरा, पण कोणाला लागला ते जाऊन बघ.”

हरलेला माणूस असंच बोलतो.

नववा दिवस

हरलेला माणूस स्वतःच्या हाताने चहा ओतून घेतो का?

सतरावा दिवस

दुपारी दार वाजलं. भावजय. चार वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झालेत. हातात टोपली, काठोकाठ निळ्या पुड्या.

“मोठे भावजी, हे गेल्यावर मी दुसरं काय विकणार होते? मला सुयाच कळतात. तीन वर्षं नीट चाललं. आता पोरं दगड मारतात.” ती उंबऱ्यातच उभी राहिली. “हे कोणी पसरवलं, त्याला सरकारने शोधावं. तुमचं अक्षर चांगलं आहे, असं हे नेहमी म्हणायचे. एक अर्ज लिहून द्या.”

ती आत बसली आहे. मी शाई उगाळतो आहे.