बोडीच्या पाण्याचा फेस

बाबा, काल मी नवरदेवाची दाढी केली. भर मांडवात, पाटावर बसवून, बायका गाणी म्हणत असताना. आधी हेच सांगते, बाकीचं मग, कारण पोटात राहत नाही. तुम्ही गेल्यापासून दुकान मीच चालवते, सौंदडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आपलंच. पहिली काही वर्षं लोक दारातून डोकवायचे, मला पाहायचे आणि "कोनी मानूस नाई का?" म्हणून निघून जायचे. आता येतात, कटिंग करतात, दाढी करतात, गावभरच्या गोष्टी सांगतात. पण लग्नाला मात्र कोणी बोलवत नव्हतं. नवरदेवाच्या तोंडाला बाईचा हात कसा लागू द्यायचा म्हणे! हळदीला अख्ख्या गावच्या बाया त्याचं तोंड चोळतात, ते बरं चालते.

फेस तुम्हीच शिकवला. मी लहान होते, त्या उन्हाळ्यात तुमचा खांदा धरला होता, ब्रश फिरवला की कळ यायची, म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात साबणाची वाटी देऊन बसवलंत. मी अजून तिथं बसलेली मला दिसते. आई चुलीवर भात रांधते आहे, मी वाटीत भसकन पाणी ओतते, ब्रश गरागरा फिरवते, आणि मोठे मोठे बुडबुडे आले की खूश होते. तुम्ही वाटीत पाहता, मग भाताच्या गंजात पाहता. "हे काय, फेस करून राहिली का पेज?" आई हसून हसून बेजार. मग तुम्ही दाखवता. कडक साबणावर चमचाभर कोमट पाणी टाकून त्याला जरा भिजू द्यायचं, ब्रश झटकून जवळजवळ कोरडा करायचा, आणि साबण दह्यासारखा घट्ट ब्रशवर चढेपर्यंत घाई करायची नाही. पाणी नंतर, थेंबाथेंबानं. झालेला फेस बोटावर घेऊन तुम्ही कानाशी धरायचात. चुरचुर ऐकू आली की म्हणायचात, "बोलून राहिला. आनखी फिरव." बोलायचा थांबला की फेस तयार. मग मी दुकानातही यायला लागले. फेस मी करायची, उस्तरा तुम्ही चालवायचात. एकदा मी उस्तरा मागितला तर डोळे वटारलेत. "ब्रश ठीक आये. उस्तरा पोरीच्या हाती नाई देत मी." विषय संपला. शेवटपर्यंत दिला नाहीत. उस्तरा मी तुमच्यामागे शिकले, आधी फेस लावलेल्या फुग्यावर, मग नवऱ्याच्या गालावर. बिचारा!

कालचा नवरदेव माझं नेहमीचं गिऱ्हाईक. डब्यातल्या फोमनं त्याच्या मानेवर पुरळ उठतं, म्हणून तो साबणाचाच फेस मागतो. त्यानं घरी सांगून टाकलं, दाढी करून घेईन तर हिच्याच हातून. त्याचा मामा भडकला. मी पोचले तर हा खुर्ची टाकून समोरच बसलेला, आणि गोंदियाहून सलूनचा एक कारागीर मोटारसायकलवर आणून ठेवलेला. "जमलं तर कर, नाई तर हा आये." मी घाईघाईनं हत्यारांची पेटी उघडली, बाबा. आणि नेमकी तेव्हाच मी चुकले. अंगणातल्या बोअरिंगचं पाणी घेतलं. ब्रश फिरवते, फिरवते, फेस वर येतो आणि बसतो. वाटीत फाटलेल्या दुधासारखं काहीतरी तरंगते. "काऊन बाई, साबन झोपला का तुमचा?" मामा म्हणाला आणि मांडव खदाखदा हसला. तिकडचं बोअरिंगचं पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण दुकानात मी रोज घरच्या नळाचं पाणी भरून नेते, विचार करायची सवयच गेलेली. आणि घाबरलं की माणूस माहीत असलेलंही विसरते.

तेव्हा तुम्ही आठवलात. कोणाच्याही घरी पेटी उघडायच्या आधी तुम्ही विचारायचात, "पानी कुठलं आये?" मी मान वर केली, तर पाटाशेजारी नवरदेवाच्या आंघोळीच्या पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवलेला. सकाळी बायकांनी वाजतगाजत बोडीच्या तळ्यावरून आणलेलं पाणी, पावसाचं साठलेलं, मऊ. मी म्हटलं, यातलं वाटीभर मला द्या. मामा ताडकन उठला. "ते पूजेचं पानी आये! दाढीले?" तेवढ्यात नवरदेवाची माय पुढं झाली. "त्याच्याच आंगावर ओताले आनलं ना आमी? मंग तोंड का त्याचं नोहे? घे वं बाई." आणि तिनं स्वतः वाटी बुडवून माझ्या हातात दिली.

ब्रश धुतला, झटकला, पहिल्यापासून सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला! चढला, चढला, असा घट्ट आणि चकचकीत चढला, की गाणाऱ्या बायकाही थांबून पाहायला लागल्या. नवरदेवाच्या गालावर लावला, मुद्दाम कानापर्यंत. विचारलं, "आवाज येऊन राहिला का?" "काहीच नाई," तो म्हणाला. उस्तरा असा सरसर गेला, की गोंदियाचा कारागीर "वा दीदी, क्या बात है!" म्हणून मोकळा झाला. वर तुरटी फिरवली तरी पोरगा हलला नाही. एक ओरखडा नाही, बाबा, एक नाही! मामा हनुवटी खाजवत जवळ आला. "माही बी करून दे ना वं." मी त्याला जरा ताटकळत ठेवलं. मग केली.

तुम्हाला ओळखणारा एक म्हातारा तिथं निघाला. "बापाचाच हात आला पोट्टीले," असं तो सगळ्यांना सांगत सुटला, आणि लोक माना डोलवत होते. मी गप्प राहिले असते तर काही बिघडलं नसतं. पण उस्तरा पुसता पुसता मी मोठ्यानं म्हटलं, "फेस बाबाचा आये. हात माहा." हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं धीटपणे लिहून राहिली. तुम्ही त्या मांडवात असता, तर हे माझ्या तोंडातून निघालं नसतं.