मालनला आधी विचारावे

मी, जयवंत लवू घाडी, वय सहासष्ट, गिरणीच्या साचेखात्यातला निवृत्त कामगार, राहणार रवळनाथकृपा सहकारी गृहनिर्माण संस्था, भांडुप पश्चिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असा दाखला डॉक्टर नाडकर्णी यांनी दिला आहे. छातीबद्दल तसा दाखला देता येणार नाही, असेही ते म्हणाले. म्हणून हे काम आता पुढे ढकलत नाही.

मला बायकामुले नाहीत. माझी थोरली बहीण मालन माझ्याबरोबर राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. ती विधवा झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून ही खोली घेतली आणि ती दोघांच्या नावावर आहे. गेली काही वर्षे मालनची आठवण जात चालली आहे. जेवली की नाही ते ती विसरते. कधी मला आमचे वडील समजते आणि डोक्यावर पदर घेते. मात्र तिला राग येतो, लाज वाटते, गाणे आवडते आणि कारले आवडत नाही. हे सर्व शाबूत आहे. माझ्या मागे ती कोणाच्या हाती पडेल, या एका काळजीपोटी हे मृत्युपत्र आहे. बाकीची मिळकत आधी उरकून घेतो.

कलम १. गिरणीतून आणलेला मागावरचा लाकडी धोटा संस्थेचे सेक्रेटरी भाऊराव यांना आजच देऊन टाकला आहे, कारण ते या कागदाला साक्षीदार आहेत. तो त्यांनी मागितलेला नाही, पण आमच्याकडे आले की हातात घेऊन बसत. छत्री ज्याला हवी त्याने न्यावी. ती गळते.

कलम २. माझा पुतण्या दत्ताराम, राहणार दिंडोशी, याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हाताऱ्याला चळ लागला होता असे म्हणायला नको.

मी इस्पितळात होतो तेव्हा मालन त्याच्याकडे राहिली. परत आणली तेव्हा ती अर्धवट झोपेत होती. दत्तारामची बायको सुलक्षणा म्हणाली, "काका, शांत झोपावं म्हणून गोळी देत होतो. त्यांच्याच भल्यासाठी ना!" बाहेर जाताना ते दाराला बाहेरून कडी घालत, हेही भल्यासाठी. संध्याकाळनंतर पाणी देत नसत, म्हणजे रात्री उठवायला लागत नाही. मालन आमच्या घरात शिरली ती थेट माठाकडे गेली. मी तिला पेल्यामागून पेला भरून देत होतो आणि सुलक्षणा मला तिचे औषध समजावून सांगत होती.

कलम ३. आता खोलीची गोष्ट. आमच्या घाडी लोकांकडे गाऱ्हाणे घालण्याचे काम असते. देवापुढे उभे राहून, आवाज चढवून, सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचे. प्रत्येक मागण्याला जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमचे वडील गावात हे काम करीत. मालनने लहानपणापासून ते ऐकले आहे. आज तिला साधा प्रश्न विचारला तर ती गोंधळते, पण त्या चालीत कोणी काही म्हटले की तोंडातून "व्हय म्हाराजा" आपोआप येते. दत्तारामही घाडीच आहे. त्याला हे ठाऊक आहे.

त्यानंतर एकदा मी तपासणीसाठी दवाखान्यात गेलो असताना तो बक्षीसपत्र घेऊन आला आणि साक्षीला भाऊरावांना बोलावले. मालनचा अर्धा हिस्सा दत्तारामाच्या नावावर होऊ दे, असे त्याने गाऱ्हाण्याच्या चालीत म्हटलेले मला जिन्यातच ऐकू आले. मालन म्हणाली, "व्हय म्हाराजा." मी दारात पोचलो तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई लागत होती. भाऊराव म्हणाले, "जयवंतराव, बाईंनी स्वतः होकार दिला. मी या कानांनी ऐकलं."

मी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हटले, "हे देवा म्हाराजा, ह्या भाऊरावाच्या टकलार आज नारळ फुटांदे, रे म्हाराजा!"

मालन म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"आणि तो नारळ भाऊरावानच आणूंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

भाऊरावांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो खाली घेण्याआधी दुसऱ्या हाताने दत्तारामच्या हातातला कागद ओढून फाडला. दत्ताराम म्हणाला, "काका, मस्करी करू नका ना. मी काय परका आहे?" परका नाही, म्हणूनच तर जमले. परक्याला ती चाल आली नसती. सख्ख्या आत्येचा देवावरचा विश्वास त्याने शाईच्या डबीत बुडवला, याचे मला फार दुःख आहे. ते मी बरोबर नेणार आहे.

कलम ४. खोलीतला मालनचा हिस्सा मालनचा आहे. त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही, इतरांनीही लिहू नये. माझ्या हिश्शात ती जिवंत असेतो राहील. तिच्या मागे माझा हिस्सा संस्थेला जावा आणि तिथे म्हाताऱ्या माणसांना दुपारची बसायला जागा व्हावी. तो कोणा एका माणसाला देत नाही. जिच्या मरणाने घर मिळणार, तिचे ताट त्याच माणसाच्या हाती देऊ नये, एवढे गिरणीतल्या माणसालाही कळते.

कलम ५. मालनला सांभाळण्याचे काम शेजारच्या क्लॅरिस घोन्साल्विस यांनी पत्करले आहे. त्या प्रसूतिगृहात आया होत्या. जिभेने फटकळ आहेत आणि भाजीत व्हिनेगर घालतात. पोस्टातल्या माझ्या ठेवीचे व्याज मालन असेतो दोघींच्या खर्चाला वापरावे. क्लॅरिसने पुढील गोष्टी पाळाव्यात. तिने वाचून त्यांना मान्यता दिली आहे, एक सोडून.

अंगाला हात लावण्याआधी मालनला सांगावे. आंघोळ घालताना दार लावावे, पण घराचे दार बाहेरून कधीही लावू नये. पाणी मागेल तेव्हा द्यावे, मग चादर कितीही वेळा धुवावी लागो. झोपेची गोळी मालनच्या दुखण्यासाठी असते, आपल्या झोपेसाठी नव्हे. तिच्यादेखत तिच्याबद्दल "म्हातारी जेवते का" असे कोणी विचारले, मग तो डॉक्टर का असेना, तर त्याला तिलाच विचारायला लावावे. क्लॅरिस प्रार्थना करते तेव्हा मालन शेजारी बसते, त्याला माझी हरकत नाही. कपाळावर क्रूस काढायचा तर आधी विचारावे. क्लॅरिसचे डोके तापले तर तिने मालनशी न भांडता गच्चीवर जावे. रविवारी क्लॅरिस चर्चला जाईल तेव्हा भाऊरावांच्या पत्नी मालनजवळ बसतील.

मान्य नसलेली गोष्ट अशी. भाऊरावांनी न कळवता, कधीही, घरी यावे. मालनची मनगटे बघावी, माठ बघावा आणि क्लॅरिसला बाहेर पाठवून मालनशी एकटीशी बोलावे. हे ऐकून क्लॅरिस म्हणाली, "माझ्यावर डाऊट घेतोस काय रे?"

मी म्हटले, "दत्तारामवर घेतला नव्हता. काय झालं?"

तिने कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "येऊ दे टकल्याला. पण चहा मिळणार नाही." हे कलम तसेच ठेवले आहे.

कलम ६. सर्व वाचून झाल्यावर क्लॅरिसने विचारले, "आणि मालनला विचारलंस?" विचारायचे ठरले होते, पण धीर होत नव्हता. सकाळच्या चहानंतर ती बरी असते. तेव्हा शेजारी बसून, आवाज न चढवता, मी म्हटले, "बाय, मी नसलंय तर तू क्लॅरिसबरोबर रवशीत?" आणि थांबलो.

मालनने क्लॅरिसला निरखून पाहिले. "ही माका कारल्याची भाजी घालतली?"

क्लॅरिस म्हणाली, "नाही घालणार."

"मगे रवतलंय," मालन म्हणाली. अट घालून दिलेला होकार हा खरा होकार, असे मी धरतो. कारले या घरात शिजू नये.

मग तिने माझा हात धरला आणि विचारले, "पण जयवंता, तू खंय चल्लंस?"

मी गेल्यावर ती हे पुन्हा विचारील. खरे सांगितले तर दर वेळी नव्याने रडेल. गावाला गेला म्हटले तर दाराकडे बघत बसेल. यासाठी मला कलम सुचले नाही. जो जवळ असेल त्याने तिचा हात धरून बसावे.

ठिकाण: भांडुप, मुंबई
दिनांक: ८ मार्च १९८७

लिहून ठेवणार: जयवंत लवू घाडी (सही)

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. भाऊराव सखाराम म्हसकर, सेक्रेटरी (सही)
२. डॉ. वसंत नाडकर्णी (सही)

क्लॅरिस घोन्साल्विस यांना या मृत्युपत्राने लाभ होत असल्यामुळे त्यांची साक्ष घेतलेली नाही. सह्या होत असताना त्या मालनजवळ बसल्या होत्या.