वरच्या फळीवरची माणसं

१ डिसेंबर

नाही, आधी तो शब्द मागे घ्या. खेळणी म्हणे! तुम्ही कोण, माझी वही तुमच्या हातात कशी, ते नंतर बघू. पण मी बोटाएवढ्या माणसांचे देखावे करतो, त्याला खेळणी म्हणायचं असेल तर पुढचं पान उलटू नका, आहे तिथे ठेवून द्या. बापाशी यावरून भांडून झालंय, हेल्सिंकीतल्या त्या पोरीशी झालंय, आता अनोळखी माणसाशी भांडायलाही माझी ना नाही.

तर, पोचलो! काजानीहून बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि कुणाची तरी विसरलेली स्कीची जोडी. स्टॉपवर रेइनो उभा. गावचं छोटं संग्रहालय तोच सांभाळतो, मला कामावर घेतलंय तेही त्यानेच. माझ्या हातातली पेटी बघून म्हणाला, रणगाडा पेटीत मावायला लागला, युद्ध स्वस्त झालं म्हणायचं. आणि हसला नाही. इकडे विनोद सांगणारा हसत नाही, ते काम ऐकणाऱ्याचं.

राहायला त्याच्या मावशीकडे आहे. साइमीमावशी. वय ऐंशीच्या पुढे, कंबर सरळ, कॉफी डांबरासारखी. खोली उबदार. खिडकीतून तोच रस्ता दिसतो ज्याचा देखावा मला करायचाय: १९३९चं हिवाळी युद्ध, रशिया फिनलंडवर चालून आला तेव्हाचं, जंगलातला अरुंद रस्ता, बर्फात रुतलेला रशियन रणगाडा आणि त्याच्या आडोशाला बसलेली सात माणसं. आपली नाहीत, त्यांची. बसल्या बसल्या गोठलेली. प्रदर्शन नव्या वर्षात उघडतंय, पण पोस्टरसाठी फोटो नाताळच्या आत हवेत.

मजा येणार आहे. खरंच.

४ डिसेंबर

बर्फ करणं सगळ्यात अवघड. लोक खायचा सोडा वापरतात. दोन वर्षांत पिवळा पडतो. रेइनोला हे सांगितलं तर म्हणाला, पिवळा बर्फ आमच्याकडेही असतो, कुत्रा बांधलेल्या खांबापाशी. मी संगमरवराची पूड घेतो, त्यात थोडी काचेची, पांढऱ्या गोंदात कालवतो. ती पिवळी पडत नाही, वितळत नाही, माझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकेल.

माणसं मात्र झकास झालीत. बोटाएवढी. पुट्टीची. सगळ्यांचे हात काखेत, हनुवटी छातीवर. एकाला मी नाक जरा मोठं दिलंय, बापासारखं.

बर्फाखालची माती खरी घालायची म्हणून रस्त्याच्या कडेची फोडून आणली. ओली माती लावली तर बुरशी येते. ती मावशीच्या भट्टीत वाळत घातली आणि शिव्या खाल्ल्या. ज्या भट्टीत वेलचीचा पाव भाजते तिच्यात तू थडग्याची माती घालतोस? अक्कल गहाण टाकलीस काय? मी म्हटलं, थडगं कसलं, रस्ता आहे. तर म्हणे, तो रस्ता म्हणजे दुसरं काय आहे.

७ डिसेंबर, शनिवार

काल स्वातंत्र्यदिनाच्या मेणबत्त्या खिडकीत लावल्या, दोन. आज सौना, म्हणजे माझ्या खोलीला लागून असलेल्या लाकडी न्हाणीत तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची.

आधी मावशी, मग मी आणि रेइनो. वरच्या फळीवर बसायचा मान पाहुण्याचा, म्हणून मला तिथे बसवलं आणि दगडांवर पाणी ओतून ओतून माझी कातडी सोलायचा प्रयत्न केला. रेइनो म्हणाला, हेल्सिंकीवाला शिजला की वास वेगळा येतो. मी खाली उतरलो नाही. जीव गेला असता तरी उतरलो नसतो.

आम्ही बाहेर पडताना मावशी आत गेली, एक ओगराळं भरून पाणी दगडांवर टाकलं, दार लोटलं. ही शेवटची वाफ. घरातल्या गेलेल्यांची. हे आमच्या आजोळीही होतं, पण तिथे सगळे डोळे मिचकावून करायचे. मावशी मिचकावत नाही. पूर्वी इथेच माणसं जन्मायची आणि मेल्यावर इथेच धुतली जायची, तेव्हा त्यांना वाट माहीत आहे म्हणे. सकाळपर्यंत आत जायचं नाही.

पण माझ्या खोलीत गोंद धरतच नाहीये. खोली वरून उबदार, पण जमिनीतून गारठा येतो, बर्फ लिबलिबीत राहिलाय. आणि तिकडे एवढी ऊब फुकट चाललीय. मावशी रेडिओ ऐकत बसली तेव्हा अख्खा देखावा उचलून नेला आणि वरच्या फळीवर ठेवला. दार हळूच लावलं.

८ डिसेंबर

गोंद दगडासारखा धरलाय. बर्फ इतका सुंदर की मला स्वतःचा हेवा वाटला.

एकच खटकलं. माणसांच्या खांद्यांवरचा बर्फ गेलाय. सातही जणांच्या. पडलेला नाही, खाली पूड नाही. खांदे ओले दिसतात आणि ते बसलेत तिथे खाली ओल आहे.

संगमरवर वितळत नाही हो.

पुन्हा लावला. लाकडाने पाणी सोडलं असेल.

१० डिसेंबर

फोटो सुरू. लेन्स इतकी जवळ असते की तोफेचं तोंड स्पष्ट आलं तर मागचं झाड पुसट होतं. म्हणून तिवई हलवायची नाही, फोकस केसाकेसाने मागे सरकवत फोटो काढत जायचे, मग कॉम्प्युटरवर प्रत्येकातला स्पष्ट तुकडा घेऊन एकावर एक चढवायचा. अट एवढीच की समोरचं काही हलता कामा नये. हललं तर तिथे भुतासारखा डाग येतो. आमच्या धंद्यात त्याला भूतच म्हणतात.

रणगाडा स्वच्छ आला. झाडं स्वच्छ. माणसांच्या जागी सात डाग.

वाटलं, जमिनीच्या फळ्या हलत असतील. मावशी चालते त्याने. तिला थोडा वेळ बसून राहायला सांगितलं. ती स्वेटर विणत बसली, मी पुन्हा काढले.

सात डाग.

१२ डिसेंबर

एकेक फोटो वेगळा करून पाहिला. मोठ्या नाकाच्या माणसाचे हात काखेत नाहीत. त्याने ते बाहेर काढलेत आणि तळवे माझ्या दिव्याकडे धरलेत, शेकोटीकडे धरतात तसे. मी तळवे केलेच नव्हते. ते काखेत जाणार होते, मग कशाला करायचे? तिथे नुसता पुट्टीचा गोळा होता. आता बोटं आहेत, नखंही.

कॉफी हातावर सांडली. मावशी ओरडली तेव्हा कळलं. मोठा फोड आला. दुखत नाही.

१३ डिसेंबर

उजव्या हाताची बोटं नाहीतच असं वाटतं. दिसतात, काम करतात, पण ब्रश धरलाय की नाही ते बघावं लागतं. रेइनोला सांगितलं. तो म्हणाला, उत्तरेत स्वागत असो, इथे आम्ही मनाने असे असतो, तू बोटांपासून सुरुवात केलीस एवढंच.

हसलो. निदान तोंड तरी हसण्यासारखं केलं.

देखाव्याला हात लावला की मात्र ऊब लागते. तेवढ्याच ठिकाणी.

१४ डिसेंबर, शनिवार

सौना. रेइनो ओगराळ्यावर ओगराळं ओततोय, मी वर बसलोय. काही नाही. भिंतीवर बसलेल्या माशीला काय वाटत असेल, तसं. तो भाजलेले कान हातांनी झाकून खाली उतरला, मग दाराशी गेला, मग म्हणाला, पुरे कर, सिद्ध झालं, तूच मर्द. मी म्हटलं, अजून ओत. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या अंगावर घाम नव्हता. केसांना दव धरलं होतं, खिडकीला धरतं तसं.

तो कपडे न घालताच मावशीला हाक मारत गेला.

१५ डिसेंबर

मावशीने विचारलं, मी सांगितलं. देखावा वरच्या फळीवर, शेवटच्या वाफेला, रात्रभर. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, आमची माणसं येतात, ऊब घेतात, उठून जातात. त्यांना कुणीतरी धुऊन पाठवलेलं असतं. त्या रस्त्यावरच्यांना कुणी धुतलं? बसल्या जागी गोठले, सरळ करता येईनात, वसंतात तसेच पुरले. ते कुणाचे पाहुणे नव्हते. तू त्यांना त्यांच्या मातीसकट आत आणलंस, मानाच्या जागी बसवलंस. एकदा ऊब लागलेला माणूस का उठेल, पोरा? दगड सकाळी गार झाले. त्यांना पुढची ऊब कुठून तरी मिळतेच आहे, तुझ्या बोटांकडे बघ.

रेइनो म्हणाला, जाळून टाकू. मावशी म्हणाली, त्यांना शेकोटी देतोस होय? वा.

मग काय करायचं? तर म्हणे, पाहुणा यजमानाआधी उठत नाही. एवढंच बोलली. पुढच्या शनिवारपर्यंत थांब म्हणाली.

१६ डिसेंबर

थांबायचं कशाला. देखावा ओसरीवर थंडीत ठेवलाय, उणे सत्तावीस. गोठू देत पुन्हा.

१७ डिसेंबर

चूक. त्यांचे गाल गुलाबी झालेत. एकाने कोटाचं बटण उघडलंय. ओसरीत त्यांना जास्त ऊब घ्यावी लागली, आणि ती —

मला गुडघ्यापर्यंत पाय नाहीतच असं वाटतं. चालतो. बघून बघून.

आत आणला परत.

१८ डिसेंबर

दवाखान्यात गेलो. नाडी चांगली, रक्तदाब चांगला. नर्सने माझा हात हातात घेतला आणि सोडला, गोठलेल्या लोखंडाला हात लागल्यासारखा. मग तिलाच लाज वाटली. मोजे घाला म्हणाली.

१९ डिसेंबर

ताईला मुलगी झाली. फोटो आलाय. नऊ महिने वाट बघत होतो आम्ही सगळे. बघितला. छान, असं लिहून पाठवलं. मग पुन्हा बघितला, काहीतरी होईल म्हणून. एक बाळ आहे. ब्लँकेट पिवळं आहे.

आईचा फोन. रडत होती, आनंदाने. मला ते लक्षात आलं, एवढंच.

हे मला परत हवंय. बोटं गेली तर जाऊ देत. हे.

२० डिसेंबर

रेइनो पोस्टरचे फोटो न्यायला आला. मी शेवटचा काढलेला दाखवला. एकच फोटो, थर नाहीत, डाग नाहीत. सात जण मान वर करून लेन्सकडे बघतायत. चांगले चेहरे आहेत. तरुण आहेत, मी केले होते त्यापेक्षा. मोठ्या नाकाचा किंचित सरकून बसलाय, बाजूला जागा करून.

रेइनो विनोद करेल म्हणून थांबलो.

टोपी काढली त्याने. नुसती टोपी काढली.

२१ डिसेंबर, शनिवार

पेन्सिल मुठीला दोऱ्याने बांधलीय. अक्षर असंच येणार.

दुपारपासून सौना पेटवलीय. मावशी जाऊन आली. रेइनो एकटाच गेला. मला बोलावलं नाही.

आता मावशी खोलीत आली. खुर्चीवर पांढरा लिननचा सदरा ठेवला, धुतलेला, बटणं नसलेला, आणि बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी, सौनात अंगावर झोडायची. म्हणाली, त्यांच्या वेळेला त्यांच्यात जाऊन बस. प्रत्येकाला पाणी घाल, जुडी लाव, धू. मग तू आधी ऊठ. यजमान उठला की त्यांना उठावंच लागतं, रीत आहे. तू उठलास की तुझं तुला परत.

मी विचारलं, आणि नाही उठलो तर?

तिने सदऱ्याची घडी पुन्हा नीट केली.

हा सदरा कुणाला घालतात ते मला माहीत आहे, मावशी. आजोबांना पुरताना घातला होता. दोन्हीसाठी चालतो, म्हणून आणलात. राग नाही आला. यायला हवा होता.

—

चुर्र झालं. ओगराळं टाकलं तिने. भिंतीपलीकडून ऐकू आलं आणि देखाव्यातले सातही —

उठलो की ताईच्या पोरीचा फोटो बघेन. सगळ्यात आधी. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे उठायला काहीतरी —

देखावा हातात घेतलाय. किती ऊब. छातीपर्यंत येतेय. आठवड्यात पहिल्यांदा कुठेतरी — रडू येतंय की काय —

मावशी दारात उभी आहे, मागे रेइनो; ती काही बोलणार आहे. बोलू नका. तुम्ही काही म्हणायच्या आत निघतो मी. पेन्सिल सोड रेइनो, दोरा मी ओढून —

त्या मोठ्या नाकाच्याच्या बाजूची जागा किती उब