आधी तिची वेणी

मंगळवार, संध्याकाळ

रेवा आज जामबागच्या कॉलेजातून आली ती डोक्याला तेल चोपडून! माझी ही नात, पुण्याहून इथे शिकायला आलेली. महिनाभर मी तेलाची वाटी घेऊन मागे लागले, तर "आजी, नको ना!" आणि परक्या मुलींपुढे मान खाली घालून बसली? संतापच आला.

म्हणे, मुलींचं सेवामंडळ आहे. सरकारी दवाखान्यात जाऊन बाळंतिणींचे केस विंचरतात. पण नव्या मुलीनं आधी स्वतः बसायचं, बाकीच्या तिची वेणी घालणार. हा कसला नियम? आम्हाला शाळेत नन्सनी सेवा शिकवली ती जुने कपडे वाटण्याची, आणि नंतर साबणानं हात धुण्याची.

"मग?"

"मग मी रडले. कुणी काही विचारलं नाही. सीनियर इथल्या दखनीत म्हणाली, 'बैठ, बातां नक्को.' तू विंचरताना भाषण देतेस, आजी."

देते का मी? देत असेन. पण करमत नाही म्हणून कॉलेज सोडून शनिवारी कायमची पुण्याला निघालेल्या पोरीनं आज तिकीट रद्द केलं. नुसत्या तेलानं? छे, काहीतरी वेगळंच असणार.

"मला घेतील का तुमच्यात?" मी विचारलं.

"आधी बस."

बसले. गप्पसुद्धा बसले. आई गेल्यापासून माझे केस कुणी विंचरले होते, आठवेना.