शनिवारचा शेवटचा तास

सर, आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माळ्यावरून प्रिंटरच्या सलग, भोकाभोकांच्या कागदाचा गठ्ठा काढताना तो हातातून सुटला आणि उलगडत उलगडत जिना उतरून मेहरूणच्या या आमच्या इमारतीतल्या खालच्या शेजाऱ्यांच्या दारात थांबला. या वयात मी तो पायरी पायरी गोळा करतो आहे, आणि तक्रार कोणाकडे करायची तेही कळत नाही. गठ्ठा आपल्या धुळ्याच्या शाळेच्या वेळापत्रकाच्या प्रोग्रामचा. यावलचे एक शिक्षक काल फोनवर म्हणाले, "आता कोणी वापरत नाही ना तो? मग आतला कोड द्या, मुलांना दाखवतो." मी म्हणालो, "साफ करून देतो."

हेच मी तुम्हालाही म्हणायचो. नव्वदच्या आसपास शाळेत पहिला कॉम्प्युटर आला. तुम्ही गणिताचे शिक्षक, दर जूनला वेळापत्रकापायी आठवडाभर खोडरबर झिजवणारे. मी तुमचाच जुना विद्यार्थी, नुकता क्लास करून आलेला. माझा प्रोग्राम ते काम चहा येईपर्यंत उरकायचा. स्टाफरूममध्ये तुम्ही ऐटीत सांगता, "यंत्र आहे, पक्षपात करत नाही." पारोळ्याच्या शाळेने तो मागितला तेव्हा माझ्याकडे वळता, "बठ्ठासले दई दे ना, भो. कुलूप कसाले?" सगळ्यांना द्यायचा तर आधी साफ करतो, असं मी पुन्हा सांगतो. यावर तुम्ही म्हणता, "पाहुणे जेवून गेले तरी तुझं झाडणं चालूच!" मग तुम्ही गेलात, शाळेने दुसरा प्रोग्राम घेतला, माझा बंद पडला, तरी मी तो कोणाला दिला नाही. धंद्याचं गुपित, म्हणायचो. बंद दुकानाचं कसलं गुपित?

आत पाच ओळी आहेत, सर. एखाद्या तासाला शिक्षक सापडेना, गाडं अडलं, की प्रोग्राम तो तास तुमच्या नावावर टाकायचा. मला ते कोडं सुटलं नव्हतं, आणि तुम्ही कुरकुर करणार नाही हे ठाऊक होतं. तुमचे ऑफ तास असे गेले. शनिवार, शेवटचा तास, तिसरा मजला, दहावी क, कठडा धरून तुम्ही चढता आणि खाली उभ्या असलेल्या मला म्हणता, "यंत्रले गुडघा नही रे, त्याले काय समजी!" मी हसतो. काय करणार होतो?

त्या ओळी काढल्या तर प्रोग्राम आजही अडतो. यावलला काही पाठवलेलं नाही, उद्या पाठवेन असंही वाटत नाही. गठ्ठ्याच्या शेवटी तेव्हाचं एक छापील वेळापत्रक निघालं. शनिवारच्या शेवटच्या तासातलं तुमचं नाव पेन्सिलने खोडलं आणि तिथे माझं लिहिलं.