आजारी पाडलेली चवळी

पिशोरला आबांना संभाजीनगरहून शालूचा नमस्कार.

आबा, मी बरी आहे, डबाही चांगला मिळतो. आईच्या पायाची सूज उतरली का? मीठ कमी खाते, की तुम्ही शेतात गेलात की लोणचं काढते?

तुम्ही निवडून पाठवलेली चवळी आमच्या प्रयोगशाळेत लई छान उगवली. रागावू नका, पण ती सगळी मी मुद्दाम आजारी पाडली. पानांवर पिवळे चट्टे दिसले की तुम्ही झाड उपटून जाळता ना, तसलाच रोग मी इथं हातानं पानांना चोळते. माणसाला तो लागत नाय.

आईचा एमआरआय आठवतो ना? आतलं उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देतात. किडनीमुळं तिला ते दिलं नाय आणि फोटो धूसर आला. गाठ साधी आहे हे कळेस्तोवर तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तसलं औषध आम्ही या आजारी पानांतून काढलेल्या विषाणूत भरतो, म्हणजे अगदी थोड्या औषधातही फोटो लख्ख यावा. काल त्या औषधाची आमची पहिली नळी मशीनमध्ये पांढरीशुभ्र दिसली. मॅडमनी सगळ्यांना चहा मागवला.

माणसाला द्यायला अजून लई वर्षं लागतील. म्हणून आईला सांगू नका. ती कधी होणार म्हणून विचारील, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाय.

अंगददादा इकडं येईल तेव्हा आणखी चवळी पाठवा. निरोगीच निवडा. आजारी मी पाडते.

तुमची,
शालू