गोळेगावच्या अलीकडं लागलेला लाल दिवा

तीर्थरूप नाना,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. लीलावहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, आणि पडला नसेल तर त्यांनी डॉक्टरचं औषध फडताळात ठेवून शेजारणीनं सांगितलेला पाला बांधला असणार, हे इथं बसून कळतं. आम्ही सगळे खुशाल आहोत. जीप तेवढी सिल्लोडला आहे.

रविवारी तुम्ही प्रेरणाला साडी नेसवून, पुरणाचा स्वयंपाक करून बसलात आणि आम्ही मुलाकडच्या पाहुण्यांना घेऊन पोचलोच नाही, याची चुटपुट जात नाही. तुम्ही फोनवर "काय झालं" विचारलंत, मी "दिवा लागला" म्हणाले, तुम्ही "मग विझवा" म्हणालात आणि रेंज गेली. परत फोन करावा तर तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि अर्धी गल्ली ऐकते. म्हणून पत्र.

पाहुण्यांची गाडी नेमकी दुरुस्तीला गेली होती, तेव्हा "आमच्या जीपमधून चला" असं आमंत्रण तुमच्या दाजींनी दिलं. औरंगपुऱ्यातलं वह्या-पुस्तकांचं दुकान एका दिवसासाठी बंद ठेवलं (एरवी माझ्या दवाखान्यासाठीही ते बंद होत नाही), पहाटे उठून जीप धुतली, सीटवर चादरी घातल्या. पुढं त्यांच्या शेजारी मुलाचे वडील काकासाहेब बसले. मागं मी, मुलाची आई द्वारकाबाई आणि स्वतः ऋतुराज. मुलगा दिसायला चांगला आहे, बोलायलाही गोड. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर माझ्यावर आळ नको.

सिल्लोडच्या गर्दीत गाडी थांबत थांबत चालली होती. द्वारकाबाई मधे बसल्या होत्या, त्यांना समोरचं सगळं दिसत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते लाल काय लागलंय?" काकासाहेब मागं न बघता म्हणाले, "तू गप बस. गाडीतलं तुला काय कळतं." ऋतुराज हसून म्हणाला, "आई, हँडब्रेकचा असतो गं तो." दाजी तेव्हा जीपचा इतिहास सांगण्यात गुंग होते, त्यांनी काही ऐकलंच नाही. मी ऐकलं, आणि द्वारकाबाईंपुढं चिवड्याचा डबा धरला. गाडीनं वेग घेतला तसा दिवा विझला.

गोळेगावच्या अलीकडं तो पुन्हा लागला. या खेपेला द्वारकाबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटानं दाखवलं. मी "अहो" म्हणाले. इंजिनातून टकटक आवाजही येत होता. दाजींनी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

नाना, तुम्ही दाजींना ओळखता. अर्धी लिहिलेली वही परत आणणाऱ्या गिऱ्हाइकालाही हे नाय म्हणत नाहीत. पण त्या दिवशी हटून बसले. काकासाहेब म्हणाले, "चालवा हो, असे दिवे लागतच असतात. सोयगाव काय लई लांब नाय." यांनी नकाराची मान हलवली. मग तेल कमी असेल म्हणून यांनी तेल मोजायची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बुडवून पाहिली. तेल खुणेपर्यंत होतं. काकासाहेब म्हणाले, "मग वायर काढून टाका, दिवा लागणारच नाय." (हा उपाय ऐकून हसू आलं, पण पाहुण्यांपुढं हसता येईना.) दाजी शांतपणे सांगत राहिले: तेल असून भागत नाही, ते दाबानं वरपर्यंत चढावं लागतं. दाब नसेल तर आतले भाग कोरडे घासून इंजिन जाम होतं.

रस्त्याकडंला एकच लिंब, त्याच्या सावलीत एकच दगड. त्यावर काकासाहेब बसले, उरलेल्या सावलीत ऋतुराज मोबाइल घेऊन उभा राहिला. मी गाडीतली गादी काढून द्वारकाबाईंना दिली, ती त्यांनी नवऱ्याच्या दगडावर घातली आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. मी "या, गाडीत बसू" म्हणाले, तर आधी त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

शेवटी कडुबा नावाच्या भल्या माणसानं ट्रॅक्टरनं ओढून आम्हाला सिल्लोडच्या गॅरेजात आणलं. मिस्त्रीनं इंजिनावरचं, दिवा लावणारं बटण काढून त्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावलं, गाडी क्षणभर चालू केली, तर काटा जागचा उठेना. दिवा खरं बोलत होता. इंजिनाखालचं तेलाचं भांडं उघडलं तर तेल ओढायची जाळी काळ्या गाळानं भरलेली. बेअरिंगही झिजलेत म्हणाला. अजून थोडं चालवलं असतं तर इंजिन गेलं होतं. दाजींचा चेहरा उतरला, कारण उन्हाळ्यात एकदा हाच दिवा लुकलुकला होता, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून यांनी जाड तेल ओतलं होतं. दिवा गेला, आम्ही पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. आतलं झिजणं तसंच चालू राहिलं. रात्री जेवताना हे म्हणाले, "दुखणं बरं झालं नव्हतं, तक्रार बंद झाली होती."

गॅरेजात काकासाहेब सगळ्यांना सांगत होते, "मी म्हणतच होतो, थांबा म्हणून." ऋतुराज म्हणाला, "पप्पांच्या लगेच लक्षात येतं." द्वारकाबाई पदराचा काठ दुमडून सरळ करत बसल्या होत्या. पाहुण्यांना आम्ही एसटीत बसवून दिलं. कसे आहात, कळवा. वहिनींना नमस्कार, प्रेरणाला आशीर्वाद.

तुमची,
संध्या

ता. क. काकासाहेबांचा नव्या रविवारसाठी फोन येईल. तारीख देऊ नका. आधी प्रेरणाला विचारा, तेही एकटीला, वहिनी स्वयंपाकघरात असताना.

ता. क. २. दाजींनी मागून हे वाचलं. त्यांचं म्हणणं, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीवरून माणसं पारखू नयेत, मुलाचा पगार चांगला आहे, शेतीही बागायती. लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.

ता. क. ३. दाजी दुकानात गेल्यावर हे लिहितेय. एसटीत चढताना द्वारकाबाई मागं राहिल्या होत्या. मला विचारलं, "पोरगी नोकरी करते ना?" मी म्हटलं, "व्हय, बँकेत आहे." म्हणाल्या, "सोडू देऊ नका. मीबी शाळेत शिकवायची." तेवढ्यात आतून हाक आली आणि त्या चढल्या.